खराट्याच्या काडीचं माप

"आधी पाय दाव."

आमच्या चाकणच्या कंपनीत नवीन मुलगी कामाला लागली की तिचं नावगाव विचारणारे पुष्कळ होते. पाय विचारणाऱ्या मावशी एकट्याच. त्या स्टोअरच्या खिडकीआड बसायच्या. मुलगी समोर आली की चष्मा सावरून हे एवढंच म्हणायच्या. चेहरा बघायचा तो त्यानंतर, तेही सवड असली तर.

सेफ्टी शूज घातल्याशिवाय कुणालाही लाइनवर सोडत नाहीत आणि ते शूज द्यायचं काम मावशींचं. नंबर विचारला की अर्ध्या मुली गप्प. चपला आठवडी बाजारात पायात घालून बघून घेतलेल्या, नंबर कोण लक्षात ठेवतं? तुमचा तरी पाठ आहे का? मावशींकडे याला गावाकडचा तोडगा होता. दाराआडच्या खराट्याची एक काडी उपसायची, टाचेपासून अंगठ्यापर्यंत धरायची, नखाने तोडायची आणि बुटात घालून बघायची. काडी आत नीट मावली की बूट तुझा. त्यांच्यापायी खराटा संक्रांतीपर्यंत निम्मा व्हायचा. झाडणारा माणूस तक्रार घेऊन माझ्याकडे टाइम ऑफिसात यायचा. मी ती लिहून घ्यायचे आणि विसरायचे.

मावशींचा खरा मोसम म्हणजे थंडी. आपल्याकडची थंडी ती किती, मोजून दीड महिना. पण डिसेंबर लागला की कंपनीच्या बसमधून उतरणाऱ्या बायकांच्या पायांत काय काय दिसायला लागतं, हे तुम्हीही पाहिलं असेल. लाइनवर जाण्याआधी हे सगळे बूट दाराजवळच्या रॅकवर काढून ठेवायचे असत. त्या रॅकवर मावशींची नजर असायची आणि त्यांनी प्रत्येकाचं बारसं केलेलं होतं. गुडघ्यापर्यंत येणारा तो 'फौजदार'. टाचेचा, चालताना फरशी वाजवणारा तो 'ठोकपीट'. घोट्याशी संपणारा 'अर्ध्या तिकिटाचा'. जाड तळाचा, नाड्यांचा 'मिलिटरी'. तो घालणारी मुलगी देहूरोडच्या लष्करी छावणीतली होती, त्यामुळे मावशींच्या मते तिचा काही इलाज नव्हता. आणि आतून-बाहेरून लोकर असलेला तो 'मेंढरू'. मेंढरूवर त्यांचा विशेष राग. डिझाइनमधल्या एका मॅडमकडे तसले बूट होते. त्या आल्या की मावशी हळूच विचारायच्या, "आज चारा घातला का?"

एका वर्षी मीही फौजदार मागवले. ऑनलाइन, चॉकलेटी रंगाचे. पाऊल अगदी बरोबर बसलं, पण चेन पोटरीपाशी येऊन थांबली ती थांबलीच. चिंचवड स्टेशनपासून मोशीपर्यंत बसमधल्या दोघी जणी ती ओढत होत्या. शेवटी मी एक बूट बंद आणि एक उघडा अशी स्टोअरसमोरून लंगडत गेले. मावशींनी सगळं बघून घेतलं.

"पावलाचं माप दिलंस," त्या म्हणाल्या, "पोटरीचं कुणी द्यायचं?"

ते बूट मी परत पाठवले. चिडवणं मात्र पुढचे दोन हिवाळे पुरलं.

एकदा सकाळी मी नेहमीपेक्षा लवकर पोचले. रॅकपाशी मावशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. जवळ गेले तर त्यांचा उजवा हात मनगटापर्यंत डिझाइनवाल्या मॅडमच्या मेंढरूत होता आणि डोळे मिटलेले होते. माझी चाहूल लागताच त्यांनी हात बाहेर काढला.

"विंचूबिंचू न्हाई ना, ते बघायले," त्या म्हणाल्या.

मी बरं म्हटलं. पण त्यानंतर मला त्यांचे पाय दिसायला लागले. इतकी वर्षं दुसऱ्यांचे पाय बघणाऱ्या या बाईचे पाय मी कधी पाहिलेच नव्हते. जेवणाच्या सुट्टीत सगळ्या जणी शूज काढून, पाय पसरून बसतात. मावशी काढत नसत. पायांत पुरुषी सात नंबरचे शूज, पुढे चिंध्या कोंबलेल्या, हे त्यांच्याच तोंडून नंतर कळलं. सकाळच्या शिफ्टला स्टोअरची फरशी बर्फासारखी असते आणि त्यांना तिथे आठ तास काढावे लागायचे.

मी विचारलंच. त्यांनी आधी उडवून लावलं आणि मग डबा झाकता झाकता सांगितलं. लातूरकडच्या त्यांच्या गावात बाजाराला जाताना वडील सगळ्या पोरांच्या पायांच्या काड्या नेत. मावशी तेव्हा तिसरीत. वडिलांनी बाजारात भजी खाल्ली, दातात काहीतरी अडकलं आणि खिशातली हाताला लागली त्या काडीने त्यांनी दात कोरले. काडी तुटली. उरलेल्या तुकड्याच्या मापाने बूट आले. ते परत कोण घेणार? मावशींनी ते दोन वर्षं घातले आणि डाव्या पायाचं बोट शेजारच्या बोटावर चढलं ते कायमचं.

"बापावर राग न्हाई," त्या म्हणाल्या. "भजी चांगली असतील." आणि स्वतःच हसल्या. मला हसू आलं नाही. सगळ्या कंपनीला मापाचे बूट देणाऱ्या बाईला जन्मात एकदाही मापाचा बूट मिळाला नव्हता.

त्या जानेवारीअखेर त्यांचं काँट्रॅक्ट संपणार होतं आणि त्या लेकाकडे गावी जाणार होत्या. जायच्या आत त्यांच्या पायात मेंढरू चढवायचंच, असं मी मनाशी ठरवलं. पण माप? एका दुपारी मी खराट्याची काडी घेऊन त्यांच्यासमोर उकिडवी बसले आणि म्हटलं, "मावशी, आधी पाय दाखवा."

त्यांनी दोन्ही पाय स्टुलाखाली ओढून घेतले. चेष्टा नव्हती ती. चेहरा लहान मुलीसारखा झाला होता. "ऊठ गं," त्या म्हणाल्या, "लोक बघायलेत." मी उठले. मला माझीच लाज वाटली. पुन्हा विषय काढला नाही.

शेवटच्या दिवशी त्यांना नारळ आणि साडी देऊन झाली. मुलींनी रडून घेतलं. मावशी माझ्या टेबलापाशी आल्या, टेबलावरचं रजिस्टर सारखं करून गेल्या. दुसऱ्या दिवशी हजेरीचं रजिस्टर उघडलं तर आत दोन काड्या, लाल दोऱ्याने बांधलेल्या. एक लांब, एक आखूड. सोबत पावतीच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'मोठी लांबीची. बारकी रुंदीची. दात कोरू नको.'

आजवर त्यांनी कुणाच्याही पायाची रुंदी घेतलेली मी पाहिली नव्हती. चढलेल्या बोटाला जागा लागते, हे त्यांनाच माहीत. मी डोळे पुसले आणि हजेरी लावायला घेतली.

त्या रविवारी चिंचवडच्या दुकानात काड्या रुमालात गुंडाळून नेल्या. दुकानदाराने नंबर विचारला. मी रुमाल सोडला. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग काड्यांकडे. म्हातारा माणूस होता. त्याने सहा जोड काढले आणि प्रत्येकात दोन्ही काड्या घालून पाहिल्या. पाचवा बसला. करड्या लोकरीचा होता.

पार्सल पोचेपर्यंत थंडी ओसरली होती. आठवड्याने नातीच्या फोनवरून फोटो आला. शहाबादी फरशी, हिरव्या साडीचा काठ आणि त्याखाली शेजारी शेजारी दोन मेंढरं. बाकी काही नाही. मी लिहिलं, आजीचा चेहरा कुठे आहे?

नातीचं उत्तर आलं, "आजी म्हणाली, आधी पाय."

चेहऱ्याचा फोटो अजून आलेला नाही. सवड नसेल.