वर कोणीतरी राहतं

ऑफिसातले किस्से सिंकमधल्या कपांसारखे साठतात. धुवायला कोणी पुढे येत नाही, ढीग मात्र वाढतो. न्यूझीलंडमधल्या पामर्स्टन नॉर्थच्या आमच्या माती-प्रयोगशाळेतला ढीग सगळ्यात जास्त वाढला तो २००८ साली. कारण एकच, भूतानहून पीएचडीला आलेला दोर्जी.

पहिल्याच दिवशी आमचा बॉस ग्रॅहम त्याला भिंतीवरच्या नकाशापाशी घेऊन गेला. "दाखव तुझा देश!" दोर्जीने बोट ठेवलं.

"बोट काढ ना, दिसत नाहीये!"

"काढलं तर सापडणार नाही."

मी नागपूरचा, म्हणजे शेजारी, म्हणजे तज्ज्ञच! मॉर्निंग टीला मी भूतानच्या इतिहास-भूगोलावर वीस मिनिटं बोललो. टाळ्याही मिळाल्या. नंतर दोर्जी हळूच हिंदीत म्हणाला, "छान बोललात, दादा. यातलं बरंचसं मला माहीतच नव्हतं." तेव्हापासून मी फक्त हवामानावर बोलतो.

"तुमच्यावर राज्य कोणी केलं? ब्रिटिशांनी?" ग्रॅहमने विचारलं.

"बाहेरच्या कोणीच नाही."

"असं कसं?"

"रस्ता नव्हता."

त्याच वर्षी भूतानात लोकांनी पहिल्यांदा सरकार निवडलं. तेही राजानेच 'मतं द्या' म्हणून मागे लागून! दोर्जीचे वडील फोनवर वैतागले, "राजाचं बरं चाललंय की, मग हे काम आमच्या गळ्यात कशाला?" निवडणूक आमच्याकडेही होती. स्टाफरूममधली भांडणं आठवडाभर ऐकून दोर्जी म्हणाला, "बाबांना यातलं काही कळवत नाही."

फॉक्स्टन बीचवर त्याने जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहिला. आम्ही सगळे भावुक व्हायच्या तयारीत, कॅमेरे काढून उभे. त्याने चपला काढल्या, ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलं. "एवढं पाणी, आणि भाताला उपयोग नाही!"

आमची आई तेव्हा सहा महिन्यांसाठी आली होती. बुद्धाच्या देशातला पोरगा जेवायला येणार म्हणून तिने दारातच "जय भीम" केला. न्यूझीलंडमध्ये पहिल्यांदा शिकवलेला माओरी नमस्कारच त्याने केला, "किया ओरा!" आईने त्याला झेपणार नाही म्हणून वरण फिकं केलं होतं. त्याने हिरव्या मिरच्या मागितल्या, आणि भाजी खावी तशा वाटीभर संपवल्या. आई उठली आणि वरणाला दुसरी फोडणी देऊन आली, नागपुरी.

आता डोंगराचं. न्यूझीलंडमध्ये डोंगर दिसला की चढायचा आणि चढलो की सगळ्यांना सांगायचं, असा बहुतेक कायदाच आहे. ग्रॅहमने विचारलं, "तुमच्या सर्वांत उंच शिखरावर कोण गेलंय?"

"कोणीच नाही. बंदी आहे."

"का?"

"वर कोणीतरी राहतं."

"रिसर्च स्टेशन आहे का?" ग्रॅहम म्हणाला.

लॅबची सहल दर जानेवारीत तारानाकीवर जायची. आमचा माओरी टेक्निशियन हेमी त्याच डोंगराच्या पायथ्याशी वाढलेला. दर वर्षी शिखर वीस पावलांवर आलं की तो बॅगा सांभाळत खाली बसायचा. त्याचा गुडघा गेलाय, हे निदान ग्रॅहमने स्वतःच केलं होतं. म्हणून दर ख्रिसमसला तो हेमीला गुडघ्याच्या मलमाची ट्यूब द्यायचा. हेमी "थँक्यू" म्हणायचा आणि ट्यूब माझ्या आईसाठी धाडायचा.

त्या जानेवारीत दोर्जीचा जीव टांगणीला लागला होता. पहिल्या वर्षाचा अहवाल द्यायला सहा महिन्यांची मुदतवाढ मिळाली नाही तर पीएचडी अर्धी टाकून परत जायचं. फॉर्मवर फक्त ग्रॅहमची सही हवी होती. ग्रॅहमने फॉर्म बॅगेत टाकला. "सही शिखरावर करतो! फोटो काढू, न्यूजलेटरला देऊ!"

शिखर वीस पावलांवर आलं. हेमी बसला. त्याच्या शेजारी दोर्जी बसला.

"अरे, सही!" मी वरून हिंदीत ओरडलो.

"दादा, कुणाच्या डोक्यावर बूट घेऊन कसा जाऊ?"

ग्रॅहम तरातरा खाली आला. "काय झालं?"

दोर्जीने तेच त्याला इंग्रजीत सांगितलं. हेमी म्हणाला, "मीसुद्धा म्हणूनच बसतो."

"पण तुझा तर गुडघा..."

मी विसातल्या बाराव्या पावलावर होतो. वर जावं तर हे दोघं बघतायत, खाली यावं तर बॉस. मी तिथेच बुटाची लेस बांधायला बसलो. ती सुटलेली नव्हती.

ग्रॅहमने बॅग उघडली, फॉर्म काढला, पेन काढलं. आजूबाजूला सगळे ओबडधोबड दगड. कागद ठेवायला सपाट जागा कुठेच नाही.

हेमीने पाय दुमडून गुडघा पुढे केला.

"यावर ठेव. भक्कम आहे."