रोज सकाळी नवा प्रोजेक्ट

तमाम नागरिकांना कळवण्यात येतं की, टिटवाळ्याच्या आमच्या सोसायटीत रोज सकाळी एका नव्या वेबसाइटचा शुभारंभ होतो! यजमान म्हणजे माझे शेजारी. कोलशेतच्या कंपनीने घरी बसवल्यापासून ते इस्त्रीचा शर्ट घालून लॅपटॉपपुढे बसतात, काळ्या पडद्यावर एक आज्ञा टाइप करतात आणि एंटर मात्र अनामिकेने दाबतात, देवाला गंध लावावं तसं. मग त्या आज्ञेने सुरू झालेला प्रोग्राम पडद्यावर विचारू लागतो: प्रोजेक्टचं नाव काय हवंय? भाषा कुठली हवीय? हे मान डोलावत, मोठ्याने म्हणत उत्तरं टाइप करतात. क्षणात वेबसाइटचा सांगाडा तयार होतो. पुढे ते एक ओळही लिहीत नाहीत. दुपारी सगळं पुसून टाकतात.

काल सकाळी मी त्यांच्याकडे चहाला गेलेलो, तेव्हा वहिनी कडाडल्या, "अहो, नोकरीसाठी चार लोकांना फोन करायचा सोडून रोज हाच खेळ?"

मी म्हटलं, "असू द्या वहिनी, सकाळी प्रतिष्ठापना, दुपारी विसर्जन. आपल्याला प्रसाद मिळाल्याशी कारण!"

ते हसले नाहीत. बोट एंटरवरच होतं. एकदम ओरडले, "कोणी उचलत नाही गं फोन! मला काय हवंय, ते दिवसभरात हे एकटंच विचारतं!"