धोंडूकाकांचे दंडुके

धोंडूकाका कातारी कोणालाही भेटले की आधी त्याचा हात पुढे ओढून तळवा चाचपायचे. नवख्याला वाटे, ज्योतिषी असावेत. ते मात्र मुठीचे माप घेत असत. रत्नागिरीच्या पोलिसांचे दंडुके त्यांच्याच पडवीत कातले जात. शिपायाचा आखूड, मुठीला दोन कंगोरे आणि चामडी पट्ट्यासाठी भोक. हवालदाराच्या दंडुक्याला पितळी टोपण. भिंतीवर राणीच्या वेळचा एक टांगलेला होता, त्याच्यावरचा रंगीत मुकुट अर्धा झिजलेला.

मी शेजारी. संध्याकाळी तिथे सुपारी कातरत बसे. एखादा काळाभोर दंडुका बघून मी "शिसवी ना?" म्हटले की ते हसत. "लाकूड रंगावरनं वळखू नको रं बाळा. उचलून बग."

मिठाच्या चळवळीच्या वर्षी पोलिसांनी नवे दंडुके सांगितले आणि काकांनी ते करून दिले. मग गावाची लाटणी, पाळण्याचे खांब त्यांच्याकडे यायचे थांबले. काकी केव्हाच वारल्या होत्या, मूलबाळ नव्हते. मीही जाणे सोडले. एकदा दोन अंगणांमधल्या दगडी गडग्यापलीकडून त्यांनी विचारले, "येत नाय रं आताशा?"

"ज्यांची डोकी फुटायची, त्यांनी कसं यावं?" मी म्हणालो.

ते आत गेले.

पुढे मिरवणुकीत माझ्या खांद्यावर दंडुका बसला आणि दंडुक्याचेच दोन तुकडे झाले! आणखी चारपाच जणांचे तसेच झाले. तो खांदा मी वर्षानुवर्षे मिरवला. साहेबाने काकांना बोलावून खडसावले, तेव्हा "लाकूड किडकं निघालं" एवढेच ते म्हणाले म्हणे. पोलिसांचे कामही गेले. म्हाताऱ्याच्या हातातले कसब गेले, बरी अद्दल घडली, असे आम्ही म्हणत राहिलो. ते पडवीत एकटेच, आपलाच तळवा चाचपत बसलेले दिसत.

चार वर्षांनी ते गेले. पडवी आवरायला कोणी नव्हते, म्हणून मी गेलो. फळीखाली एक दंडुका उरला होता, काळा, तुळतुळीत. उचलला. मूठ जड, पुढचा भाग अगदीच हलका. सुरीने रंग खरवडला तर आत पांढरा पांगारा, नख रुतले. मुठीत वजनाला शिसे ओतलेले होते.

आयुष्यभराच्या कसबाचे नाव त्यांनी घालवले आणि मधल्या गडग्यावरून मला एक शब्द सांगितला नाही. सांगावे असा मी राहिलोच कुठे होतो?

मी खांदा चाचपला. त्या दिवशी तिथे साधा वळसुद्धा उठला नव्हता. हे मला तेव्हाही माहीत होते.