सीडीत अडकलेले फोटो

शहापूरच्या आमच्या संस्थेच्या कचेरीत एकच कॉम्प्युटर होता आणि त्यातलं सगळं मी माझ्या हातानं पुसलं होतं. व्हायरसनं तो इतका बेजार झाला होता की एक पत्र टाइप होईपर्यंत दोनदा बंद पडायचा. कल्याणच्या एका ओळखीच्यानं लिनक्सची सीडी दिली. "ही सिस्टीम टाका, व्हायरसची कटकटच संपेल," म्हणाला. मी मेलच्या सगळ्या फायली एका कोऱ्या सीडीवर उतरवल्या, हार्डडिस्क साफ केली, नवी सिस्टीम बसवली आणि खुशीत घरी गेले. फायलींची सीडी उघडून बघावी, एवढंही सुचलं नाही. मी तेवीस वर्षांची होते. कॉम्प्युटरमधलं मला सगळं येतं अशी कचेरीत सगळ्यांची समजूत होती. माझीसुद्धा.

ते दिवस वनहक्काच्या दाव्यांचे. जंगलाच्या जमिनीवर जे पूर्वीपासून शेती करत होते त्यांना ती जमीन मिळणार होती, पण 'पूर्वीपासून' हे दाखवायला पुरावा लागे. तानसाजवळच्या एका पाड्याकडे तो होता. काही वर्षांपूर्वी एक कॉलेजातली मुलगी तिथे अभ्यासासाठी राहिली होती. तिनं एकेकाला त्याच्या शेतात उभं करून फोटो काढले आणि आम्हाला मेलनं पाठवले. मेलवर तारीख होती, तीच आमची जमेची बाजू. पुढे ती मुलगी परदेशी गेली, तिचा पत्ता बंद पडला. आणि आमच्याकडे मेल एकदा कॉम्प्युटरवर उतरवली की मेल कंपनीकडे तिची प्रत उरत नसे.

सुनावणीच्या आदल्या दिवशी सकाळी मी फोटो छापायला बसले. नव्या सिस्टीमला जुन्या फायली कळेचनात. उघडल्या की नुसती चिन्हं, चौकोन आणि मध्येच एखादं इंग्रजी अक्षर. समोर बाकावर पाड्यावरची एक मावशी बसली होती. तिचाही दावा होता, पहिल्या गाडीनं ती आली होती.

"निघाला का गो फोटू?" तिनं विचारलं.

"निघतोय, मावशी."

दहा मिनिटांनी तिनं पुन्हा विचारलं. मग माझ्याच्यानं खोटं बोलवेना. "नाही निघत. माझी चूक झाली. जुनं सगळं मी पुसलं, आणि ही सीडी इथे चालत नाही."

तिनं पदर डोक्यावर नीट केला आणि म्हणाली, "मंग कुठं चालंल?"

जुना मेल प्रोग्रॅम मुरबाडच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये होता हे मला माहीत होतं. भारनियमनामुळे अकरा वाजता शहापुरात लाइट जायची, मुरबाडला दोन वाजता. आम्ही दोघी किन्हवलीवरून जाणाऱ्या एसटीत बसलो. सीडी मी पर्समध्ये ठेवली नाही, दोन्ही हातांत धरून बसले. वाटेत गाडी प्रत्येक फाट्यावर थांबत होती आणि मी सारखी घड्याळ बघत होते.

क्लासच्या सरांनी एक मशीन मोकळं करून दिलं. फायली सीडीवरून उतरवल्या, जुन्या प्रोग्रॅमला दाखवल्या. उत्तर आलं, फोल्डर उघडता येत नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच. सर म्हणाले, "मॅडम, सीडीच खराब निघाली असणार. असं होतं."

पाऊण वाजला होता. मला रडू येत होतं, पण मावशी शेजारी उभी होती. मी उगाच एका फायलीवर क्लिक करून तिची माहिती उघडली. खाली एका चौकोनात बरोबरची खूण होती: ही फाइल फक्त वाचण्यासाठी. सीडीवरून आलेल्या प्रत्येक फायलीला तशी खूण होती. प्रोग्रॅमला फाइल वाचायची तर होतीच, तिच्यात लिहायचंही होतं, म्हणून तो अडत होता. मी एकेक खूण काढली आणि परत प्रयत्न केला.

डाव्या बाजूला फोल्डर एकामागून एक दिसू लागले. त्या मुलीच्या मेल, त्यांच्या तारखा, आणि मेलखाली फोटो. सर म्हणाले, "अरे वा!" मी भराभर प्रिंट काढू लागले. मावशी एकेक चेहरा ओळखत होती. "ह्यो आमचा दीर. ही खालच्या घरातली."

मावशीच्या फोटोची मेल मात्र उघडेना. नाव दिसत होतं, तारीख दिसत होती, आत काहीच नव्हतं. मी चार वेळा प्रयत्न केला.

"माझाच कसा नाय?" तिनं विचारलं.

दीड वाजून गेला. ती छापलेले कागद घेऊन दाराशी उजेडात गेली. मला वाटलं, राग आला असेल. थोड्या वेळानं तिनं हाक मारली, "इकडं ये गो." दिराच्या फोटोत त्याच्या खांद्यामागे एक बांध दिसत होता, बांधापलीकडे नाचणीचं हिरवं शेत, आणि कडेला अर्धी फांदी तोडलेलं आसाणाचं झाड. "ती फांदी मी तोडलेली, राखणीच्या माचाला. ही माझी शेती हाय. मी नाय फोटूत, पर शेती हाय ना?"

लाइट जायच्या आत आम्ही तो फोटो मोठा करून छापला.

दुसऱ्या दिवशी सुनावणीत बाकीच्यांचे कागद घेतले गेले. मावशीच्या वेळी साहेबांनी फोटो बराच वेळ पाहिला. "ह्यात तुम्ही कुठे आहात?" त्यांनी विचारलं.

"मी दिसत नाय, साहेब. झाड बघा. चला, दाखवते जागेवर."

त्यांनी स्थळपाहणीचा शेरा मारला. पाहणी व्हायला चार महिने लागले. तेवढे महिने माझ्या चुकीपायी तिनं ताटकळत काढले. झाड सापडलं, फांदीचा खुंटही सापडला. जमीन मंजूर झाली, पण मागितली होती त्याच्या निम्मीच. बांधालगतची, फोटोत दिसणारी. फोटोत न आलेला वरचा तुकडा राहिला. त्याचा पुरावा तिच्या स्वतःच्या फोटोत होता की नव्हता, हे मला कधीच कळणार नाही. मी तिला तसं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "हाय ती तरी पेरू आता," आणि बियाणं घ्यायला बाजाराकडे गेली.