दोन सह्यांचा कागद

माझ्या थोरल्या जाऊबाईंना कुणी इंग्रजीत साधं नाव विचारलं तरी त्यांची ततपप व्हायची. पण औषधाच्या खोक्यात घालायचा इंग्रजी माहितीचा कागद त्यांच्या सहीशिवाय आमच्या छापखान्यात मशीनवर चढत नसे. नववी नापास बाई. कागदाच्या घड्या घालायला लागली आणि पंधरा वर्षांत तपासनीस झाली. कशी? तर घोटाळा होणाऱ्या शब्दांची वही करून. डेअरी नि डायरी, ॲडव्हाइस नि ॲडव्हाइज, ओरल नि ऑरल, सगळे जोडीजोडीने लिहिलेले.

"या जावाजावा," मला शिकवताना त्या म्हणाल्या होत्या. "दिसतात एका घरातल्या, पण एकीचं काम दुसरीला सांगितलं की बोंब." ओरल म्हणजे तोंडातून घ्यायचं, ऑरल म्हणजे कानातलं. मी विचारलं, मग आपल्यातली तोंडाची कोण? त्या म्हणाल्या, हे काय विचारणं झालं?

खरंच आहे. मी फटकळ, माझा राग नाकावर.

कागद तपासायची त्यांची पद्धत ठरलेली होती. औषध कंपनीची मूळ प्रत त्या मोठ्याने वाचायच्या, जोडीतला शब्द आला की एकेक अक्षर सुटं म्हणायच्या. मी छापायच्या नमुन्यावर बोट फिरवत ऐकायची. मग दोघींच्या सह्या. एकटीने नुसतं डोळ्यांनी वाचणं त्या वाचनात धरतच नसत. डोळा लबाड असतो म्हणायच्या, जे असायला हवं तेच दाखवतो.

त्या आठवड्यात आमचा अबोला होता. कारण सांगायची लाज वाटते. त्यांनी दोरीवरचे माझे ओले कपडे बाजूला सारून आपली चादर वाळत घातली, एवढंच. घरात निरोप नवऱ्यांमार्फत चालले होते. छापखान्यात नवरे कुठून आणायचे? कानाच्या थेंबांचा कागद आला, तेव्हा मी सही करून तो त्यांच्या टेबलावर सरकवला. वाचू का, अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान वळवली. मग त्यांनी एकटीनेच वाचला आणि सही केली.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. चेहरा पांढराफटक.

"कानाचा कागद आपण वाचलेला नाही," त्या म्हणाल्या.

चाळीस हजार कागद गाडीत चढत होते, गाडी चारला निघणार होती आणि साडेतीन होऊन गेले होते. एखाद्या आईने कानाचे थेंब लेकराच्या तोंडात घातले तर? तरी मी म्हटलं, तुम्ही डोळ्यांनी वाचलंत ना, बरोबरच असेल.

"असेल," त्या म्हणाल्या आणि मालकांच्या खोलीकडे चालू लागल्या.

गाडी थांबली. खोकं फोडून एक कागद आमच्यापुढे ठेवला. मालक आणि माल न्यायला आलेला कंपनीचा माणूस डोक्याशी उभे. जाऊबाई वाचू लागल्या. ए, यू, आर, ए, एल. माझं बोट घामाने कागदाला चिकटत होतं. तो शब्द सात ठिकाणी होता. सातही ठिकाणी बरोबर. बाकी कागदही बिनचूक.

मी हुश्श केलं, हसलेसुद्धा. दुसरं कुणी हसलं नाही. कंपनीच्या माणसाने नमुन्यावर सह्यांच्या वर छापलेली ओळ दाखवली: दोघांनी मोठ्याने वाचून तपासले. त्याने विचारलं, न वाचता सही कुणी केली?

"वाचायचं काम माझं," जाऊबाई म्हणाल्या. "मी वाचलंच नाही, तर ही काय ऐकणार?"

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. आधी सही मी केली होती, मान मी वळवली होती. एरवी चार घरांना ऐकू जाईल असं भांडणारी मी, माझ्या तोंडून एक शब्द निघाला नाही.

जाऊबाईंना त्याच संध्याकाळी कामावरून काढलं. वाटेत मी रडत म्हटलं, उद्या जाऊन खरं सांगते. दोघी घरी बसलो तर चूल कशी पेटायची, असं म्हणून त्यांनी माझे डोळे पुसले. त्यांनी मला दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

सकाळी मालकांनी मला जाऊबाईंच्या खुर्चीत बसायला सांगितलं. मी बसले.