मावशी आणि स्टार्व्हिंग

आमच्या कॅन्टीनच्या मावशी माणसाचं तोंड बघून तो शेवटचं कधी जेवला ते सांगायच्या. वाळूजच्या त्या कारखान्यात मी ऑफिसात होते. इंग्रजी पत्रं आणि अहवाल माझ्याकडे असत. दुपारी मी ताट हातात घेतलं की मावशी हळूच म्हणायच्या, "ताई, सकाळपासून नुसता चहाच झालाय तुमचा." त्यांचं कधी चुकलं नाही. खुलताबादकडच्या एका खेड्यातून त्या पहाटेच्या बसनं यायच्या आणि दिवसभर उभ्याच असायच्या. कंटाळा चेहऱ्यावर असायचा, हातात नसायचा.

एका वर्षी नवं मशीन बसवायला एक गोरा इंजिनिअर आला होता. रोज जेवणाच्या रांगेत तो पोटावर हात फिरवत म्हणायचा, "आय ॲम स्टार्व्हिंग." मावशींनी मला विचारलं, "काय म्हणतो हा?"

मी डिक्शनरीतला अर्थ सांगितला. "भुकेनं मरतोय म्हणतो."

मावशींनी डाव खाली ठेवला आणि त्याच्याकडं नीट पाहिलं. "नाय ताई. ह्यानं सकाळी पोटभर खाल्लंय."

मला हसू आलं. साधी भूक म्हणजे हंग्री, त्याच्या वर स्टार्व्हिंग, मग फॅमिश्ड, आणि दहा मिनिटांत जेवण मिळणारी माणसंच हे शब्द सर्रास वापरतात, असं मी समजावलं.

"मग जो खरंच मरायला लागला, त्यानं काय म्हणायचं?"

"तेच. स्टार्व्हिंग."

"एकच शब्द?"

"आपण नाही का म्हणत, भुकेनं जीव चाललाय?"

"म्हणतो. पण म्हणणारा समोर असतो. तुमचं तर सगळं कागदावर."

तरी मावशी इंजिनिअरला रोज एक पोळी जास्त वाढू लागल्या. म्हणायच्या, "लई लांबून आलाय."

त्याच उन्हाळ्यात पॅकिंगमधली सुनीता काम करताना खाली कोसळली. ती कंत्राटी होती, आणि कंत्राटी लोकांना कॅन्टीनचं जेवण नव्हतं. डबा घरून आणायचा. प्रथमोपचाराची पेटी येण्याआधी मावशी गुळाचं पाणी घेऊन पोचल्या. तिचं डोकं मांडीवर घेऊन त्यांनी तिच्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "दोन दिवस झाले हिला." सुनीता नाही म्हणाली नाही. नवरा अंथरुणाला खिळलेला, घरात होतं ते पोरांच्या पुढ्यात.

अहवाल मला लिहायचा होता. साहेब म्हणाले, "साधं लिहा." मी लिहिलं, उष्णतेमुळं अशक्तपणा आला, सकाळचा नाश्ता चुकला होता. इंग्रजीत ते फार नीटनेटकं दिसलं. फाइल दुसऱ्या दिवशी बंद झाली. सुनीताला पुन्हा कामावर बोलावलं नाही.

मावशींनी एकदाच विचारलं, "कागदावर तो शब्द टाकला का, ताई?"

"टाकला," मी म्हणाले.

त्यानंतर त्या पोळ्या जास्त लाटू लागल्या. कंत्राटी बायकांना मागच्या दारानं, कागदात गुंडाळून द्यायच्या. महिनाभर चाललं. मग कुणीतरी तक्रार केली आणि कॅन्टीनच्या ठेकेदारानं त्यांना येऊ नका म्हणून सांगितलं.

शेवटच्या दिवशी मी मागं मोरीवर गेले. त्या मोठं पातेलं घासत होत्या. मी म्हणाले, "मावशी, मी तो शब्द लिहिला नव्हता."

त्यांचा हात थांबला नाही. "ठाऊक होतं मला," त्या म्हणाल्या. "म्हणून तर पोळ्या द्यायला लागले."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. त्यांनी पातेलं पालथं घातलं, पदराला हात पुसले आणि बस चुकेल म्हणून निघाल्या.

मी अजून त्याच कारखान्यात आहे. अहवाल अजून मीच लिहिते.