टँकरवरचा माणूस

वाळूजला माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. दुष्काळाच्या साली पैठणकडचा एक तरुण तिथं रोज यायचा. चप्पल बाहेर काढून म्हणायचा, “दादा, माझं नाव टाकून बघा, अजून दिसतंय का?”

दिसायचं. नाव टाकलं की त्याच्या गावचा एक व्हिडिओ यायचा; त्यात तो पाण्याच्या टँकरवर चढून सरकारी साहेबाला जाब विचारत होता, खाली बायका रिकामे हंडे वाजवत होत्या. नोकरीच्या मुलाखतीत हाच व्हिडिओ दाखवून कंपनीनं त्याला परत पाठवलं होतं.

“ह्याच्यामुळंच गावात पाणी आलं,” तो म्हणाला. “आता डिलीट करा म्हणून, ज्यांनी टाकला त्यांच्या घरोघर हात जोडतोय.”

पंधरा दिवसांनी नाव टाकलं तर काहीच दिसेना. मी स्क्रीन त्याच्याकडं वळवली. तो आपल्या हिरव्या बाटलीतलं घोटभर पाणी प्याला आणि गेला.

पुढच्या उन्हाळ्यात एका कंपनीच्या गेटवर कामगार पिण्याच्या पाण्यासाठी ओरडत होते. सगळ्यांच्या मागं तो उभा होता, अंगात कंपनीचा शर्ट, हातात तीच बाटली, रिकामी. कुणीतरी मोबाइल वर धरला, तसा त्यानं गळ्यातला रुमाल नाकापर्यंत ओढला आणि पाठ फिरवली.